‘निरंक’ला आमचं उत्तर

मा. मुख्याधिकारी साहेब, मा. नगराध्यक्षा ताई आणि सतराही वॉर्डांतले नगरसेवक भाऊ-ताई,

स.न.वि.वि.

उन्हाळ्यात आम्ही दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवून माहिती अधिकारात तुमच्याकडे एक अर्ज टाकला होता. प्रश्न एकच होता. नगरपंचायत झाल्यापासून आजवर आपल्या हद्दीत किती क्षेत्रसभा, म्हणजे त्या-त्या भागातल्या मतदारांच्या सभा, झाल्या, त्यांच्या तारखा आणि इतिवृत्ताच्या प्रती द्याव्यात. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. पाकीट जाड होतं, म्हणून वाटलं प्रती आल्या. उघडलं तर आमचाच अर्ज घडी घालून जोडलेला आणि वरच्या कागदावर एक शब्द: निरंक.

आमच्या टोलीवर, म्हणजे वस्तीत, हा कागद वाचून दाखवला, तेव्हा एका म्हातारीनं विचारलं, "निरंक म्हंजे काय व माय?" मी म्हटलं, "काहीच नाही." ती म्हणाली, "मंग येवढा कागद कायले खराब केला?"

हे पत्र त्या एका शब्दाला उत्तर म्हणून लिहिते आहे. उघड लिहिते, कारण बंद पाकिटातली आमची पाच निवेदनं आवक क्रमांक पडल्यावर कुठं गेली ते कुणी सांगत नाही. आवक क्रमांक मात्र पाचही माझ्या वहीत आहेत.

मी तुमच्यापैकी निम्म्यांच्या ओळखीची आहे. बाजारचौकाच्या मागं शिलाई मशीन घेऊन बसते. दोन-तीन नगरसेविका ताईंचे ब्लाउज माझ्याच हातचे आहेत. त्याआधी, आपलं गाव ग्रामपंचायत असताना, मी रोजगार हमीच्या कामावर मेट होते. सकाळी हजेरीपटावर सह्या-अंगठे घ्यायचे, खड्ड्याचं माप टेपनं मोजायचं, प्यायचं पाणी भरलंय का, बायांच्या लेकरांना सावली आहे का ते पाहायचं. मालगुजाराच्या काळच्या मामा तलावातला गाळ काढला, त्या उन्हाळ्यात टोलीवरचं एकही घर कुलूप लावून बाहेरगावी गेलं नव्हतं. वही ठेवायची सवय तेव्हाची. काम गेलं, सवय राहिली.

2014-15 च्या सुमारास राज्यातली कितीतरी तालुक्याची गावं नगरपंचायती झाली, त्यात आपलंही झालं. खोटं कशाला बोलू, पेढे आम्हीही खाल्ले. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना ‘शहरात राहतो’ असं सांगायला बरं वाटायचं. पथदिवे आले, घंटागाडी आली, तहसीलपर्यंतचा रस्ता सिमेंटचा झाला, हे मी नाकारत नाही. घंटागाडीतला कचरा आमच्या टोलीमागच्या खदानीत पडतो, एवढंच.

संविधानात नगरपंचायतीची व्याख्या अशी आहे: ग्रामीण क्षेत्रातून नागरी क्षेत्रात संक्रमण होत असलेला भाग. संक्रमण कागदावर एका दिवसात झालं. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी धानाच्या रोवणीलाच गेलो होतो. टोलीतल्या बाया आजही जुलैत रोवणी करतात, दिवाळीच्या आगेमागे धान कापतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात. धंदा गावाचा आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचंच नाही. पण सरकारदरबारी आम्ही आता शहरी गरीब. पहिला फटका बसला तो इथं. केंद्राच्या 2005 च्या कायद्यानं वर्षाला 100 दिवस कामाची हमी दिली ती ग्रामीण कुटुंबाला. नाल्यापल्याडच्या गावात बोडी, म्हणजे लहान तळं, खोल करायचं काम निघतं आणि अल्याड आम्ही काठावर उभ्या राहून बघतो. जॉबकार्डं अजून लोखंडी पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहेत. फेकून द्यायला कुणाचा हात होत नाही.

याला इलाजच नव्हता असंही नाही. महाराष्ट्राची स्वतःची रोजगार हमी केंद्राच्या कितीतरी आधीची, 1977 च्या कायद्याची. त्यात ‘क’ वर्ग नगरपालिकांचं क्षेत्र धरलेलं होतं. लहान शहरातला मजूर हा मजूरच असतो, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. आता त्या जागी काय आहे? सकाळी सात वाजता बसस्टँडसमोरचा ठिय्या. तिथं मिस्त्री, रेजा, बेलदार उभे असतात. नऊपर्यंत कुणी नेलं तर ठीक, नाहीतर डबा उघडून तिथंच जेवायचं आणि घरी यायचं. संक्रांत झाली की अर्धी टोली मिरची तोडायला तेलंगणात जाते. लेकरं सोबत जातात. परत येतात तेव्हा शाळेची परीक्षा उरकलेली असते.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही अशी एक गोष्ट सांगते, ती नीट वाचा.

आमच्या वस्तीत दोन वर्षांमागं सिमेंटची नाली बांधली. ठेकेदाराची माणसं आली, दोरी ताणली, खोदायला लागली. टोलीतला एक मिस्त्री त्या दिवशी ठिय्यावरून रिकामाच परतला होता. उभा राहून पाहत होता. घरी जाऊन त्यानं आपला लेव्हलचा पाईप आणला. पाणी भरलेली पारदर्शक नळी असते ती, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला राहतं. एक टोक मला धरायला लावलं, दुसरं घेऊन तो नाल्याच्या बाजूला गेला. परत आला आणि ठेकेदाराच्या मुकादमाला म्हणाला, "भाऊ, उतार उलटा हाये. पाणी नाल्यात नाही जाणार, हातपंपाकडं येईन." मुकादमानं विचारलं, "तू इंजिनियर आहे का?" मिस्त्री म्हणाला, "नाही. पण पाण्याले ते मालूम नाही." मुकादमासकट सगळे हसले. नाली मात्र तशीच बांधली.

पहिल्याच पावसाळ्यात हातपंपाच्या ओट्याभोवती काळं पाणी साचलं. दुसऱ्या पावसाळ्यात ओटा खचला. आता आम्ही पाणी आणतो ते मारुतीच्या देवळामागच्या नळावरून, आणि साचलेलं पाणी बादल्यांनी उपसून नाल्यात नेऊन टाकतो. सरकारी पैशानं बांधलेल्या नालीतलं पाणी आम्ही हातानं वाहतो, साहेब. यावर कुणाला हसू आलं तरी मी रागावणार नाही, आम्हीही हसतो.

त्या दिवशी मिस्त्रीनं हे कुठं सांगायचं होतं? ग्रामपंचायत असती तर 15 ऑगस्टला सांगितलं असतं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या चार तारखा लेकराबाळांनासुद्धा पाठ होत्या. त्या ग्रामसभा काही फार मोठ्या पवित्र नव्हत्या, ते मी जवळून पाहिलं आहे. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब व्हायची आणि तहकूब सभेत चार माणसांत ठराव व्हायचे. रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतलेल्याही पाहिल्या. आमच्या टोलीच्या माणसांना मागं, चपला काढायच्या जागेजवळ बसायला मिळायचं. पण बसायला मिळायचं. एकदा आमच्यातल्या एका आत्यानं मागून उठून थेट विचारलं होतं, "सरपंच, हातपंपाचा वायसर बदलवाले तुमाले किती ठराव लागतेत?" दुसऱ्या दिवशी वायसर बदलला. ठरावानं नाही, लाजेनं. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला जी धार असते ती आवक-जावकच्या खिडकीत येत नाही.

आता ती आत्या तुमच्या कार्यालयात गेली तर बाहेरचा शिपाई विचारतो, काम काय? सर्वसाधारण सभा दाराआड होते. तिथं आमचा नगरसेवक बोलतो, बोलत असेल. पण तो पाच वर्षांतून एकदा आमच्याकडे येतो आणि त्या एका वेळी आमच्यातले काही जण त्याच्याकडून काय घेतात तेही मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र लिहिताना टोलीवरच्या चार घरांचा माझ्यावर राग झाला. होऊ द्या.

कायद्यातही लहान शहरांसाठी मोठी फट राहिली आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांना. आपल्यासारखं गाव त्यात कधी बसणार? ही फट भरायला राज्यानं 2009 मध्ये नगरपालिकांच्या कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभा आणली. मतदान केंद्राच्या भागातल्या सगळ्या मतदारांनी एकत्र बसायचं आणि कामं सुचवायची, म्हणजे जवळजवळ ग्रामसभाच. तिचं आपल्याकडे काय झालं, ते तुमच्या उत्तरात आहे.

आमच्यापेक्षा अवघड गत गडचिरोलीतल्या लोकांची. एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची ही अनुसूचित क्षेत्रातली गावं नगरपंचायती झाली. आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा, तो पंचायतींसाठी. नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला लावायचा तर संविधानाच्या 243 झेड-सी कलमाप्रमाणे संसदेनं वेगळा कायदा करायला हवा, तो अजून झालेला नाही. याच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा. 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला, तो ग्रामसभा हलली नाही म्हणून. त्याच तालुक्याच्या मुख्य ठिकाणी राहणाऱ्या गोंड माणसाला मात्र बसायला ग्रामसभा नाही. अंतर मोटारसायकलनं काही मिनिटांचं आहे.

परत आपल्याकडे येते. सगळ्यात मोठा घोळ जागेचा आहे आणि तो सभेशिवाय सुटणारच नाही.

टोलीची जागा तीन तुकड्यांची आहे. थोडी जुन्या आबादीची, थोडी सरकारी, आणि मागची ओळ झुडपी जंगलात. झुडपी म्हणजे काय ते पूर्व विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. मध्य प्रांताच्या काळापासून महसुली कागदावर चालत आलेलं नाव, खुरटी, पडीक, गुरं चारायची जागा. कागदावर जंगल, प्रत्यक्षात कुठं शाळा, कुठं स्मशान, कुठं सरकारी इमारत आणि कुठं आमच्यासारख्यांची घरं. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की झुडपी ही वनजमीनच. मात्र 12 डिसेंबर 1996 च्या आधी वाटप होऊन इतर वापरात आलेल्या जागांसाठी राज्यानं केंद्राकडे मंजुरी मागावी. सरकारी तुकड्यासाठी 2018 चे राज्याचे आदेश आहेत, 1 जानेवारी 2011 च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमानुकूल करायचे. म्हणजे सगळा खेळ आता यादीचा. कोणतं घर कोणत्या तुकड्यात, कोणत्या सालापासून, पुरावा काय. तलाठ्याकडे गेलं की तो तुमच्याकडे बोट दाखवतो, तुम्ही वनखात्याकडे, वनखातं तहसीलकडे.

घरकुलाचं तेच. आमच्यातल्या एका मावशीचं नाव ग्रामपंचायतीच्या वेळी इंदिरा आवासच्या यादीत होतं. यादी पुढं सरकायच्या आत गाव शहर झालं. शहरी आवास योजनेत पैसे जास्त, अडीच लाख. पण स्वतः बांधायचं तर आधी जागेचा कागद दाखवा. तिच्याकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा, आहे. त्यात मालकाच्या रकान्यात ‘महाराष्ट्र शासन’ आणि भोगवटादाराच्या रकान्यात तिच्या नवऱ्याचं नाव. नवरा वारला. घरपट्टी दरवर्षी तीच भरते आणि पावती देताना तुमचे कर्मचारी न चुकता सांगतात की पावती म्हणजे मालकी नव्हे. ग्रामीण भागात जागा नसलेल्याला जागा विकत घ्यायला अर्थसाहाय्याची योजना आहे. आम्ही त्यातही नाही, कारण शहरी. ती मावशी मला म्हणाली, "पट्टा भेटन तवा भेटन, पण आमी कोन हाव ते तरी ठरवा."

ते आम्हीच ठरवायला घेतलं. मागच्या पावसाळ्यात, रोवणी उरकल्यावर, समाजमंदिराच्या फरशीवर खडूनं टोलीचा नकाशा काढला. आठवी-नववीतल्या पोरापोरींनी घरं मांडली, म्हाताऱ्यांनी त्यांना दुरुस्त केलं. "इथं नाला नोता, आंब्याचं झाड होतं, नाला तिकून वायचा." एका आजोबांनी काठीनं अख्खी ओळ पुसून पुन्हा काढायला लावली. एका बाईनं हट्ट धरला की तिचा बकऱ्यांचा गोठा वेगळा दाखवा, कारण दीर म्हणतो तो त्याचा आहे. त्यावरून तासभर भांडण. मग ठरलं की घराचा खडू पांढरा आणि गोठ्याचा लाल, वाद असेल तिथं फुली. पाच फुल्या पडल्या. तीन तिथंच मिटल्या. नकाशावरून वहीत उतरवलं: घर क्रमांक, किती सालापासून, वीजबिल, मतदार यादी, शाळेचा दाखला, जे असेल ते. जी घरं मिरचीला गेल्यामुळं मागं मोजणीच्या वेळी बंद होती आणि तुमच्या सर्वेक्षणात सुटली, तीही उतरवली.

नाल्याचा निळा खडू पुढं नेला, तेव्हा लहान पोरीच्याही लक्षात आलं की नाली उलटी आहे. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी मिस्त्रीकडं पाहिलं.

तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी बसतो. वर्गणी घरामागं पाच रुपये, सतरंजी देवळाची, हजेरीपट माझा. गुजरीत भाजी घेऊन बसणाऱ्या बाया येतात. त्यांचा प्रश्न बैठकीच्या चिठ्ठीचा आहे. ठेकेदार पाटीमागं पैसे घेतो आणि पावतीवर आकडा वेगळा असतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात फेरीवाल्यांची समिती सांगितली आहे, तीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि त्यातल्या तिसरा हिस्सा बायांचा. आपल्याकडे तिची बैठक कधी झाली ते विचारायचा अर्ज लिहून ठेवलाय. उत्तराचा अंदाज आहे. बांधकाम मजूर येतात. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार सही देत नाही, तुमचं कार्यालय म्हणतं आम्ही कसं ओळखू. आमच्या हजेरीपटात कोण कोणत्या दिवशी कुणाच्या कामावर होतं ते आता लिहिलं जातं. ठिय्यावरच लिहितो. बघा, ओळखायला उपयोगी पडेल.

याला तुमच्यापैकी कुणी ‘राजकारण’ म्हटल्याचं माझ्या कानावर आलं. एका नगरसेवक भाऊंनी तर टोलीवर येऊन विचारलं की मागून कोण आहे, नागपूरची कोणती संस्था आहे. भाऊ, नागपूरच्या झोपडपट्ट्यांमधल्या लोकांनी पट्ट्यांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, त्यांच्याकडून आम्ही एवढंच शिकलो की कागद जपून ठेवायचा आणि एकट्यानं कार्यालयात जायचं नाही. बाकी मागून कुणी नाही. मागं खदान आहे, तुमच्या कचऱ्याची.

आम्ही सांगू ते सगळं खरं आणि तुम्ही चूक, असंही नाही. निधी वरून बांधून येतो, कर्मचारी कमी आहेत, मुख्याधिकारी साहेबांकडे कधी कधी दुसऱ्या गावाचाही कार्यभार असतो, हे दिसतं. तेच समोर बसून सांगा. नाही जमत, का नाही जमत, कधी जमेल. टोलीवरची माणसं ‘नाही’ ऐकून घेतात, जन्म त्यातच गेलाय. ‘निरंक’ मात्र समजत नाही.

तेव्हा विनंती अशी. 2 ऑक्टोबरला आमच्या वॉर्डाची क्षेत्रसभा रीतसर नोटीस काढून बोलवा. ती तारीख आम्ही मुद्दाम धरली, ग्रामसभेची म्हणून आणि तेव्हा धान निसवलेलं असतं, कापणी लागलेली नसते, मिरचीला जायला अजून वेळ असतो, माणसं घरी असतात म्हणूनही. वेळ संध्याकाळी पाचची ठेवा, सकाळी अकराची ठेवली तर मजूर येणार नाहीत आणि तुम्ही म्हणाल लोकांना रस नाही. बाकीच्या सोळा वॉर्डांचं त्या-त्या वॉर्डांनी बघावं, दोन ठिकाणांहून वही कशी ठेवता म्हणून विचारायला बाया येऊन गेल्या आहेत. नोटीस नाही निघाली तरी आम्ही समाजमंदिरात बसूच. तुमच्यासाठी पुढं जागा ठेवतो, चपलांजवळ नाही.

खुर्च्या नाहीत, सतरंजी आहे. चहा आमच्याकडून. झुडपीच्या ओळीची यादी दोन प्रतींत तयार आहे, एक पोच देऊन घ्या. आणि येताना नालीच्या कामाचं मोजमाप पुस्तक तेवढं सोबत आणा. मिस्त्री आपला पाईप घेऊन येणार आहे.

आपली,
टोलीवरची शिवणकाम करणारी, पूर्वीची मेट
(सोबत: आवक क्रमांकांची यादी, एक पान)